पाटीवर काय लिहू

पाटी रंगवायला आलेल्या मल्लिनाथनं
ब्रश रॉकेलात बुडवला आणि थांबला.
'म्याडम, लिहू काय? तुम्ही नेमकं करता काय?'

मला हेमांगीचा रविवारचा फोन आठवला.
ती म्हणते, लीलमध्ये मी ऑर्थोफोनिस्त होते.
नवऱ्यानं नोकरी बदलली, आम्ही सीमा ओलांडली,
(सीमा म्हणजे काय गं, बंद पडलेली चौकी
आणि दोन्ही बाजूंना तेच बटाट्याचं शेत)
तर पलीकडे मी लोगोपेद.
आता लोझानला आलो, नावाला शेपूट फुटलं: लोगोपेदिस्त.
फ्रेंच तीच. पोरांचं अडखळणंही तेच.
कागद तेवढे दरवेळी पहिल्यापासून.
एकीकडे पाच वर्षं शिकल्याशिवाय दारात उभं करत नाहीत,
दुसरीकडे तिनातही भागतं.
कुठं डॉक्टरची चिठ्ठी, कुठं विम्याचा हिशोब,
कुठं शाळाच पगार देते.
तिच्या ओळखीचा एक जण लोमेत असतो,
फॉर्म फ्रेंचमध्ये भरतो,
आणि पेशंटला एवे भाषेत म्हणतो, तोंड उघड.

त्याच्याशी माझं जमेल, असं वाटतं.

सकाळी येमुलांचा नातू येतो.
घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
आणि तिन्हींत त्याचा 'र' हरवलेला.
आजीचं निदान पक्कं आहे:
भाषा जास्त झाल्या, जीभ गोंधळली, एक कमी करा.
कुठली कमी करू, मी विचारते.
ती पंख्याकडे बघते, बराच वेळ.
'तेलुगु वद्दु,' म्हणते.
तेलुगूतच.

मी नाही कमी केली. आरसा पुढं घेतला,
जिभेच्या टोकाला शेंगाचटणी लावली,
म्हटलं, आता टाळूला पुसून ये.

दुपारी, बेचाळीस डिग्रीत, रिक्षातून गड्डममामा.
उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर मराठी गेली.
पस्तीस वर्षं यंत्रमागावर,
म्हणजे कान त्याआधीच गेलेले.
हेमांगीकडे कानाचं दुकान निराळं, जिभेचं निराळं.
इथं माझ्या एकाच पदवीत दोन्ही कोंबलेत,
कॉलेजात मी त्यावर कुरकुरले होते.
आता मामांच्या कानात मशीन बसवते,
शिट्टी वाजते, काढते, पुन्हा बसवते,
आणि मग कुठं शब्दाला सुरुवात.
टॉवेलांची चळत पुढं ठेवली की
डावा हात आपोआप घड्या मोजतो:
ओकटी, रेंडु, मूडु...
मोजणं शाबूत आहे. माल कुठला, ते आठवत नाही.
सूनबाई बाहेर जाऊन डोळे पुसते
आणि आत येऊन म्हणते, धूळ फार आहे की हो इथं.

मल्लिनाथ अजून उभा.
मी कोण? या पेठेत तोतऱ्यांची बाई,
पलीकडच्या चौकात माटल टीचरम्मा,
अक्कलकोटकडून येणाऱ्यांची मातिन डॉक्टर,
नई जिंदगीतल्या रुकय्याची बातांवाली आपा.
यासाठी मला सीमा ओलांडावी लागली नाही,
सीमाच चपला काढून आत येतात,
नंबर लावून बसतात.

शेवटी म्हटलं, सर्टिफिकेटावर आहे तेच लिही:
वाचा व श्रवण चिकित्सा.
'वाचा' त्यानं हातभर मोठं काढलं, लाल, पिवळ्या किनारीचं.
मग लाइट गेली, तोही गेला,
उद्या येतो म्हणून चार दिवस झाले.

तेव्हापासून लोक डोकावतात.
वाचा म्हणता, मग पेपर कुठायत?
एकानं तर स्पर्धापरीक्षेची पुस्तकं मागितली.
हेमांगीला फोटो पाठवला. ती हसली,
मग म्हणाली, याचं फ्रेंच करता येणार नाही, कुठल्याच देशात.

आज गड्डममामा रिक्षातून उतरले,
काठी टेकून पाटीखाली थांबले.
मान वर. ओठ हलताहेत.
मी दारातच थांबले, सूनबाईला खुणेनं गप्प केलं.
डावं बोट उचललं त्यांनी,
आधी 'वा'कडे, मग 'चा'कडे.

ओकटी, म्हणाले.
रेंडु.